निळ्या ताडपत्रीची नदी

माझा नवरा लढाईत मरायचा तेव्हा घोट्यावर घोटा टाकून मरायचा. घरी रविवारी दुपारी सोफ्यावर आडवा होतो, अगदी तसाच. बाकीचे सैनिक वेडेवाकडे पडायचे, कुणाचा हात अंगाखाली, कुणाचं तोंड गवतात. हा मात्र पालथा पडला तरी आधी पाय नीट जुळवून घ्यायचा. आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणायची, "बाबा मरत नाही, बीचवर पडतो." ही सवय मी मुद्दाम आधी सांगते आहे.

डब्लिनच्या कडेला ओंगारमध्ये राहणारा, सॉफ्टवेअर तपासून पोट भरणारा अकोल्याचा माणूस बाराव्या शतकातल्या लढाईत कसा पोचला, याला फारसं काही कारण नाही. एका शनिवारी आम्ही एका पडक्या किल्ल्यावर जत्रा बघायला गेलो. तिथे काही लोक जुने पोशाख घालून भाले घेऊन लढून दाखवत होते. त्यांनी त्याच्या हातात एक ढाल दिली. ती त्याने परत केली, पण मन तिथेच ठेवून आला. पुढल्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी तो सरावाला जाऊ लागला. मी विचार केला, माणूस दिवसभर खुर्चीत बसतो, हलेल तेवढा बरा.

त्या गटाचा प्रमुख होता एक निवृत्त बस मेकॅनिक. जन्माने वेल्सचा, लग्न करून आयर्लंडचा झालेला. घरी आम्ही त्याला सरदार म्हणायचो. २०१८ च्या उन्हाळ्यात सरदाराने क्रिग मॉरची लढाई दाखवायचं ठरवलं. हे वेल्समधल्या एका टेकडीचं नाव. तिथे वेल्सच्या लोकांनी फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांना असं झोडपलं की ते नदीकडे पळत सुटले, नदीवरचा पूल त्यांच्या भाराने कोसळला आणि शेकडो माणसं घोड्यांसकट बुडाली. पुढे वाचलेल्यांपैकीच काही जण, म्हातारे होत आले असताना, समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये उतरले आणि इथे ठाण मांडून बसले.

"आयरिश लोकांना ती उतरायची गोष्ट पाठ आहे," सरदार आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत म्हणाला होता. "त्याआधी आम्ही वेल्सच्या लोकांनी त्या नॉर्मनांचं काय केलं होतं, ते कुणाला माहीतच नाही."

नवऱ्याच्या वाट्याला नॉर्मन पायदळ आलं. काम सोपं होतं. पळायचं, पुलावर चढायचं, नदीत पडायचं आणि मरायचं. नदी म्हणजे गवतावर पसरलेली लांबच लांब निळी ताडपत्री. मेलेल्याने शिंग वाजेपर्यंत उठायचं नाही, हा पहिला नियम. खरोखर लागलं तर "होल्ड" असं ओरडायचं, म्हणजे सगळे जागच्या जागी थांबतात, हा दुसरा.

त्याला अंगात घालायला एक जाड अंगरखा लागणार होता. कापडाच्या थरांवर थर ठेवून ओळीने टाके घातलेला. साधे सैनिक चिलखताच्या जागी तोच घालायचे. विकत घ्यायचा तर महाग होता. मी गटाने दिलेला कागद वाचला. सहा थर, सुती किंवा तागाचे, समोर बांधायला नाड्या. मी म्हटलं, ही तर गोधडी. फक्त बाह्या असलेली.

गोधडी शिवणारं माणूस घरातच होतं. सासूबाई एप्रिलच्या मध्यात अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. येताना नातीसाठी गोधडी शिवायची म्हणून स्वतःच्या जुन्या मऊ झालेल्या साड्या घेऊन आल्या होत्या. एप्रिलमध्ये इथे हीटर चालू असतो. त्या दोन स्वेटर आणि कानटोपी घालून खिडकीशी बसायच्या. "माय वं, लोकं जगतेत कशे इथं!" असं रोज सकाळी म्हणायच्या आणि रोज नव्याने आश्चर्य करायच्या.

मी त्यांना कागद दाखवला, सहा बोटं दाखवली. "आई, सहा थर. जास्त नको."

"सहा घड्यायची बंडी? वारं शिरंन त्याच्या अंगात."

"तो पळणार आहे, आई. त्याला गरम होईल."

"या देशात गरम?" त्या हसल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

जूनच्या शेवटी बंडी तयार झाली. टाके इतके सारखे होते की सरदाराने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, संग्रहालयात ठेवायच्या लायकीची आहे. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही, पण कौतुक कळतं. त्यांनी पदर सावरला.

मी ती बंडी हँगरला लावायला उचलली आणि मनगट खाली गेलं.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. तयार झालेला माल बाहेर सोडायचा की अडवायचा, हे ठरवणाऱ्यांपैकी एक. कागदावर लिहिलेलं आणि हातात आलेलं यांत फरक दिसला की मी सही करत नाही, समोर कोण उभं आहे ते बघत नाही. सहा सुती थरांचं वजन किती असावं याचा अंदाज मला होता. हे त्याच्या पुष्कळ पुढे होतं. शिवाय सासूबाई विमानातून पांघरायची एक निळी, लोकरीसारखी दिसणारी चादर उचलून घेऊन आल्या होत्या. ("सगळेच घेऊन राहिले होते.") ती महिनाभर त्यांच्या उशाशी होती आणि आता दिसत नव्हती. बॅगा तोलायचा काटा दारामागेच टांगलेला होता.

मी काटा काढला नाही. दोन आठवड्यांनी त्या परत जाणार होत्या. आता बंडी उसवून बघू म्हटलं असतं तर दोन दिवस अबोला, मग रडणं, मग नवऱ्याचं "अगं, जाऊ दे ना." मला ऑफिसात ऑडिट होतं. मी बंडी हँगरला लावून टाकली.

त्या वर्षी आयर्लंडमध्ये ऊन पडलं. असं तसं नाही. गवत पिवळं पडलं, बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली, शेजारचा माणूस लालबुंद होऊन दिवसभर पायरीवर बसायला लागला. आम्ही हसत होतो. अकोल्याच्या मे महिन्यातून आलेल्या घराला इथलं ऊन म्हणजे विनोद वाटायचा. सासूबाईंनी तर कानटोपीसुद्धा जूनपर्यंत काढली नव्हती.

लढाईचा रविवार जुलैमधला. डब्लिनपासून तासाभरावर, एका पडक्या बुरुजाखालचं कुरण. एकही ढग नव्हता. सरदार सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होता. नवऱ्यापाशी आला तेव्हा हा म्हणाला, "मला नको. मी अकोल्याचा आहे. आमच्याकडे ह्याला हिवाळा म्हणतात."

"खरी लढाई ऑक्टोबरात झाली होती," सरदार म्हणाला. "पी."

"नंतर पितो."

मी हसले होते, हे मला आठवतं. त्या दिवशी माझ्याकडे गटातल्यांचे उसवलेले पोशाख शिवायचं काम होतं, म्हणून कमरेच्या पाऊचमध्ये सुया, दोरा आणि कापड कापायची मोठी कात्री होती. सासूबाई घडीच्या खुर्चीवर छत्री धरून बसल्या होत्या. मुलगी माझ्याशेजारी दोरीला रेलून उभी.

लढाई छान झाली. सरदार वेल्सचा राजा होता आणि आपल्या भूमिकेवर खूश होता. लाउडस्पीकरवरची बाई सगळं समजावून सांगत होती. नॉर्मन मागे हटले, मग पळाले. नवरा माझ्यासमोरून गेला तेव्हा चेहरा लाल नव्हता, राखाडी होता. मला वाटलं, धूळ. फळ्यांच्या पुलावर सगळे एकदम चढले, ठरल्याप्रमाणे फळ्या दोन्हीकडून ओढल्या गेल्या, आणि वीसेक माणसं निळ्या ताडपत्रीवर कोसळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी किंकाळ्या फोडल्या.

लाउडस्पीकरवरची बाई म्हणाली, त्या दिवशी नदी माणसांनी आणि घोड्यांनी एवढी भरली होती, की प्रेतांवरून कोरड्या पायांनी पलीकडे जाता आलं, असं म्हणतात. आता वेल्सचे लोक विजयाच्या आरोळ्या देत मैदानाला फेरी मारतील.

फेरी लांब होती. मी मेलेल्यांकडे बघत होते, कारण मला माझा शोधायचा होता. सापडायला वेळ लागला. तो पालथा होता, डावा गाल ताडपत्रीवर, आणि त्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले होते.

मुलगी म्हणाली, "फायनली! बाबा नीट मेला."

तो सोफ्यावर असा पडत नाही. पलंगावर नाही, जमिनीवर नाही. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली होती तेव्हा वेदनेतसुद्धा त्याने घोट्यावर घोटा टाकला होता. मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. मनात दहापर्यंत मोजलं. पाय हलले नाहीत.

मी दोरी ओलांडली. चपला ताडपत्रीवर फटफट वाजल्या, आणि लोक हसले. त्यांच्या लेखी निळ्या कुर्त्यातली एक पंजाबी बाई (आम्ही सगळेच भारतीय त्यांना पंजाबी) नदीवरून धावत चाललेली होती. त्यांना वाटलं हे खेळातलंच. कुणीतरी शिट्टी मारली. लाउडस्पीकरवरची बाई म्हणाली, "आणि ही बहुतेक कुणाची तरी विधवा."

ताडपत्री तव्यासारखी तापली होती. चपलांमधून कळत होतं. त्याचा गाल तिच्यावर टेकलेला होता.

मी मानेला हात लावला. कातडी भाजत होती आणि कोरडी होती. घाम नाही. मी त्याला हाक मारली, उताणा केला. डोळे अर्धे उघडे होते. तो मला बघत होता आणि बघत नव्हता. मग रोज सकाळी ऑफिसच्या मीटिंगआधी विचारतो अगदी त्याच आवाजात म्हणाला, "स्टँडअप किती वाजता आहे?"

मी उभी राहिले आणि "होल्ड!" असं ओरडले. हा शब्द मी आयुष्यात कधी ओरडून वापरला नव्हता. माझा आवाज फाटला. पण सगळं थांबलं. आरोळ्या थांबल्या, भाले हवेत थांबले, लाउडस्पीकर थांबला. आजूबाजूला पडलेली प्रेतं एकेक करून डोकी वर करून बघायला लागली.

मी बंडीच्या नाड्या सोडायला गेले. सासूबाईंनी सकाळी त्या सुटू नयेत म्हणून गाठीवर गाठ मारून वरून टाके घातले होते. मी कात्री काढली आणि गळ्यापासून खाली बंडी कापायला लागले. कात्री चालेना. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या छत्रीसकट ताडपत्रीवर आल्या होत्या. "अवं, कापून काऊन राहिली तू? एवढ्या मेहनतीची बंडी..."

कापलेली बाजू पुस्तकासारखी उघडली. हिरवी साडी, जांभळी, नवऱ्याचा जुना शर्ट, पुन्हा हिरवी, असे थर मी बघत गेले. नऊ होते. आणि मधोमध, दुहेरी घडी करून घातलेली, विमानातली निळी चादर. ती सुती नव्हती, लोकरही नव्हती. प्लास्टिकचाच धागा. आत वाफ कोंडून ठेवायला याहून चांगलं काही मिळालं नसतं.

सासूबाईंनी ती चादर पाहिली. त्या छत्री घेऊन त्याच्या डोक्याशी बसल्या, आणि त्याच्यावर सावली धरली.

बाकीचं मी केलं, कारण कुणीतरी करायलाच हवं होतं. सरदाराने अँब्युलन्सला फोन लावला. आम्ही चौघांनी नवऱ्याला बुरुजाच्या सावलीत नेलं. अंगावरचं सगळं काढलं, बाटल्या ओतल्या. बर्फ कुणाकडे नव्हता. मी मुलीला म्हटलं, "आइसक्रीमच्या गाडीवर पळ. गोठलेलं जे असेल ते सगळं आण." ती आइस पॉप्सचा, बर्फाच्या कांड्यांचा, खोका घेऊन आली. मी ते त्याच्या काखांत, मानेखाली, जांघांत खोचले. गुलाबी, हिरवे, नारिंगी. दोन वेल्श सैनिक ढालींनी त्याला वारा घालत होते. तो अधूनमधून ऑफिसातल्या कुठल्याशा रिलीजबद्दल बोलत होता. मुलगी विचारत होती, "आई, इज ही गोइंग टु डाय?" आणि मी म्हणत होते, "खोका धर."

अँब्युलन्समधल्या माणसाने ताप मोजला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, अंगात काय होतं? मी म्हटलं, जाड अंगरखा. त्याने विचारलं, किती जाड? मी म्हटलं, "फार."

तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. पहिल्या रात्री मूत्रपिंडांची काळजी होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. तो शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. "ओरडला का नाहीस? एक शब्द तर होता."

"अगं, पुलावरच चक्कर येत होती. पण सगळे इतकं छान करत होते. माझ्यासाठी लढाई थांबवायची म्हणजे..." त्याने पांघरूण वर ओढलं. "वाटलं, पडायचंच तर आहे. पडलो की बरं वाटेल."

मी खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

सासूबाई घरी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. समोर टेबलावर कापलेली बंडी. सरदाराने पिशवीत घालून दिली होती, मी ती न बघता ठेवली होती. त्या एकेक थर उसवून वेगळा करत होत्या.

"म्याच मारलं असतं माह्या लेकराले," त्या म्हणाल्या.

मी गॅसवर चहा ठेवला. मग म्हटलं, "मला माहीत होतं, आई."

"काय मालूम होतं तुले?"

"जास्त थर आहेत ते. उचलली तेव्हाच कळलं होतं. चादर दिसत नव्हती, तेही."

त्यांची सुई थांबली. मी पाठमोरीच होते, पण ते कळलं.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मला वेळ नव्हता."

मला वाटलं, आता त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरंच झालं असतं. त्या म्हणाल्या, "मले वाईट वाटलं असतं, हे खरं हाय." आणि थोड्या वेळाने, "आपल्या दोघीत त्याले काय सांगाचं ते तूच सांग."

मी सगळं सांगितलं, तो घरी आला त्याच संध्याकाळी, सासूबाईंच्या देखत. चादरीचं आधी, काट्याचं नंतर. तो ऐकत राहिला. मग आईला म्हणाला, "आई, विमानातली चादर? आपण नाक कापून घेतलं ना." सासूबाई रडता रडता चिडल्या. "सगळेच घेऊन राहिले होते म्हटलं ना!" माझ्याकडे मात्र त्याने नुसतं पाहिलं. त्यावर तो आजवर काही बोललेला नाही. ऑफिसात आता हातात आलेली एखादी गोष्ट जड वाटली की मी ती लगेच काट्यावर ठेवते.

त्याने गट सोडावा, असं मला वाटत होतं. तो सोडणार नाही, हेही दिसत होतं. मग मी सरदाराला जाऊन सांगितलं, की तुझे दोन नियम पुरेसे नाहीत. ज्याला ओरडता येत नाही किंवा ओरडायला लाज वाटते, त्याच्यासाठी तिसरा हवा. सरदार म्हणाला, "युद्धानंतर बायका आपली माणसं शोधायला मैदानात यायच्या. तुला पोशाख देतो."

२०१९ मध्ये तीच लढाई पुन्हा झाली, सप्टेंबरात, ढगाळ हवेत. ताडपत्री कायम होती, पण सरदाराने तिच्यावर ओली पोती अंथरली होती. नवऱ्याचा अंगरखा विकतचा होता. सासूबाईंनी आदल्या दिवशी अकोल्याहून फोनवर विचारलं होतं, "कितीक घड्या हायेत त्यात?" मी तोलून वजनच सांगितलं.

पूल कोसळला, माणसं पडली. मी डोक्यावरून राखाडी कापड घेऊन, पाण्याचं मातीचं भांडं हातात धरून नदीत उतरले. लोक गप्प झाले. लाउडस्पीकरवरची बाई काहीतरी दुःखाचं बोलत होती. मी प्रत्येक प्रेतापाशी वाकत होते आणि हळूच विचारत होते, ठीक आहेस ना? आणि ओठ न हलवता प्रत्येक प्रेत सांगत होतं, "ग्रँड." आयरिश माणसाचं "मजेत" ते हेच.

एकाने विचारलं, "चहा कधी आहे?" एकजण घोरत होता. त्याला हलवून उठवलं, आणि "ग्रँड" म्हणेपर्यंत पुढे गेले नाही.

नवरा पलीकडच्या टोकाला होता. मी मुद्दाम त्याच्याकडे आधी पाहिलं नव्हतं. रांगेने जायचं, मधलं कुणी सोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिथे पोचायला मला खूप वेळ लागला. तो पालथा होता आणि त्याचे घोटे एकमेकांवर होते. तरीही मी वाकले, मानेला हात लावला आणि विचारलं.

"घामाघूम झालोय," तो म्हणाला.

मी त्याला पाणी पाजलं. प्रेताला पाणी पाजताना बघून पुढच्या रांगेतली दोनचार माणसं हसली. हसू दिलं.